पाचवी जागा रिकामी: एका हौशी सॉफ्टबॉल संघाचा हंगाम

पार्श्वभूमी

मध्य न्यू जर्सीतल्या एका गावाच्या रिक्रिएशन खात्याची उन्हाळी कोएड (स्त्री-पुरुष एकत्र) सॉफ्टबॉल लीग असते. मे ते ऑगस्ट, आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी सामने. तिच्या सगळ्यात खालच्या गटात एक संघ बराचसा आपल्या लोकांचा आहे. निम्म्याहून जास्त मराठी, काही गुजराती आणि तेलुगू, शिवाय त्याच वस्तीतले तीन अमेरिकन शेजारी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं घेतलेली नाहीत. संघात ज्याला जी हाक मारली जाते तीच इथे वापरली आहे. मी या संघाची स्कोअरबुक सांभाळतो. पुढचं बरंचसं त्या वहीतलं आहे, उरलेलं डगआऊटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकापाशी, कानावर पडलेलं.

हा स्लोपिच प्रकार. चेंडू खालून, उंच कमान काढून टाकायचा. निदान सहा फूट तरी वर गेला पाहिजे. सात इनिंग, मैदानात दहा जण, कोएडमध्ये पाच पुरुष आणि पाच बायका. १८८७ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोतल्या एका बोट क्लबात बॉक्सिंगचा ग्लव्ह बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि या खेळाला सुरुवात झाली. वेळ घालवायला निघालेला हा खेळ अमेरिकेत कंपन्यांच्या सहलींपासून चर्चच्या संघांपर्यंत सगळीकडे खेळतात. पन्नाशीचा माणूसही कामावरून थेट मैदानावर येऊन खेळू शकतो, हे त्याचं मोठं आकर्षण.

आपल्या लोकांचे पहिले काही सामने क्रिकेटच्या सवयी मोडण्यात गेले. चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं असतं. आमचे निम्मे लोक बॅट घेऊनच पहिल्या बेसकडे निघायचे आणि पोचल्यावर ती टेकवायचे. लेट कट मारला की तो फाऊल, म्हणजे हद्दीबाहेर. चांगला चेंडू ऐटीत सोडून दिला की अंपायर स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या विरुद्ध एक नोंद, म्हणायचा. ग्लव्ह घातलेला हात मागे आणि उघडा हात पुढे करून कॅच घ्यायची सवय सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला, त्यात एकाचं बोटही सुजलं. या दिवसांत संघ खरोखर मजेत होता. हरत होता, पण सगळे सारखेच अडाणी होते.

अपवाद दोघींचा. एक शेजारची नर्स, हायस्कूलमध्ये शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, खेळलेली. दुसरी जळगावची, तिला सगळे ताई म्हणतात. खानदेश-विदर्भात शाळेतल्या मुली सॉफ्टबॉल खेळतात हे पुण्या-मुंबईकडच्यांना बहुधा ठाऊक नसतं. ताई शाळेत आणि पुढे कॉलेजात फास्टपिच, म्हणजे वेगवान चेंडूचा प्रकार, खेळली होती, पिचर (चेंडू टाकणारी) म्हणून. पण जूनच्या अखेरीपर्यंत संघात हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

अडचण

नोंदणीत अकरा पुरुष आणि सात बायका होत्या. कागदावर पुरेसे. लीगचा नियम असा: पाच बायका नसतील तर चारवर खेळता येतं, मात्र बॅटिंगच्या यादीत पाचवीची जागा रिकामी राहते आणि तिची पाळी आली की आपोआप आऊट. चारच्या खाली गेलात तर फोरफिट, म्हणजे सामना न खेळताच हरलात. बॅटिंग आलटून पालटून होते. पुरुषांची एक यादी, बायकांची एक. पुरुषांची यादी लांब आणि बायकांची आखूड, म्हणून बायकांची पाळी लवकर लवकर येते. यावरूनही पुरुषांत कुरकुर होती. ती आजही आहे.

जूनच्या मध्यापासून बायकांची संख्या घसरू लागली. एकदा चार, मग पुन्हा चार, मग तीन. त्या संध्याकाळी अंपायरने घड्याळात बघून दहा मिनिटं वाट पाहिली आणि सामना प्रतिस्पर्ध्यांना देऊन टाकला. प्रकाश भरपूर होता, मैदान रिकामं होतं, म्हणून समोरच्या संघाने त्यांच्यातल्या दोघी आम्हाला दिल्या आणि आम्ही बेहिशेबी सामना खेळलो. कूलरमधलं कोकम सरबत दोन्हीकडच्यांनी प्यायलं. समोरचा कॅचर (बॅटरच्या मागे उभा राहणारा) तीनदा विचारून गेला की हे नेमकं कशाचं आहे. फोटो झकास आले.

त्या फोटोंमुळेच, मला वाटतं, दुखणं लांबलं. ग्रुपवर सगळं आलबेल दिसत होतं. सामन्यानंतर कुणाच्या तरी डेकवर भडंग, पिझ्झा, मुलांचा धिंगाणा हे चालूच होतं. मात्र डेकवर दोन कोंडाळी पडायला लागली होती. एकात कालचा डबल प्ले (एका फटक्यात दोन आऊट) रंगवून सांगितला जायचा, दुसऱ्यात सॉफ्टबॉल सोडून बाकी सगळं.

कॅप्टनचं निदान सोपं होतं: बायकांना वेळ मिळत नाही. मुलांचे क्लास, भारतातून आलेले सासू-सासरे, उन्हाळ्याच्या सुट्ट्या. ही कारणं खोटी नव्हती. पण तीच मुलं आणि तेच सासू-सासरे पुरुषांच्याही घरात होते आणि पुरुष अकराच्या अकरा येत होते.

स्कोअरबुकात प्रत्येक जागेला आकडा असतो. एक म्हणजे पिचर, दोन कॅचर, तीन-चार-पाच हे बेस, सहा शॉर्टस्टॉप, सात ते नऊ आऊटफील्ड (बेसच्या मागचं मैदान, डावीकडून उजवीकडे), आणि स्लोपिचमध्ये दहावा जादा फील्डर. जूनपर्यंतची पानं उलटली तर बायकांच्या नावांपुढे जवळजवळ सगळीकडे दोन, नऊ, दहा, कधीमधी चार. स्लोपिचमध्ये कॅचरला फारसं काम नसतं, कारण चोरून पळायची बहुतेक लीगमध्ये मुभाच नसते. राइट फील्डकडे चेंडू कमी जातात. शॉर्टस्टॉप खेळलेली नर्ससुद्धा आमच्याकडे दुसऱ्या बेसवर उभी होती. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. कॅप्टन घाईघाईत लाइनअप लिहायचा, आधी पुरुषांच्या जागा भरायच्या आणि उरलेल्यांत बायका.

उरलेल्या जागेवरही त्यांना खेळू दिलं जात होतं असं नाही. जूनमधल्या एका सामन्यात राइट फील्डच्या डोक्यावर उंच झेल उडाला. तिथली खेळाडू नीट खाली आली होती, ग्लव्ह वर होता, ‘माझा’ असं ओरडलीही होती. सेंटर फील्डमधून आमचा एक उत्साही गडी तीस पावलं धावत आला, तिच्यापुढे हात घातला, चेंडू त्याच्या ग्लव्हच्या कडेला लागून उडाला आणि तीन रन गेले. तो ‘सॉरी सॉरी’ म्हणाला, तीही हसली. पुढच्या इनिंगला ती बॅटिंग करून आली आणि ग्लव्ह पिशवीत घालून चेन लावली. त्यानंतरच्या आठवड्यात ग्रुपवर तिचा मेसेज आला: ‘या वेळी जमणार नाही.’ नंतर मेसेजही बंद झाले.

समोरचे पर्याय

फोरफिटनंतर कॅप्टनच्या डेकवर बैठक झाली. बैठक म्हणजे भजी आणि वाद. चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली कॅप्टनची स्वतःची. त्याच्या ऑफिसात कॉलेजला सॉफ्टबॉल खेळलेल्या दोघी होत्या, यायला तयार. लीगचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, बंद व्हायला अजून आठवडा होता. संख्येचा प्रश्न एका फटक्यात सुटला असता आणि सामनेही जिंकले असते. पण त्या आल्या की वर्गणी भरलेल्या दोघी आपोआप बाकावर जाणार. संघातल्या काकूंनी विचारलं, ‘म्हणजे आम्ही फक्त त्या येईपर्यंत होतो का रे?’ तो विषय तिथेच थांबला. मला आजही वाटतं की तो पर्याय तितका वाईट नव्हता, फक्त चुकीच्या वेळी मांडला गेला. एप्रिलमध्ये नवीन खेळाडू आणणं म्हणजे भरती, आणि फोरफिटनंतर आणणं म्हणजे बदली.

दुसरी गोष्ट तिघा पुरुषांची: कोएड सोडून पुढच्या वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये जाऊ. तिघेही चांगले खेळाडू, त्यांचं म्हणणं प्रामाणिक होतं. पण हा संघ घराघरांतून जमलेला, अर्धे लोक जोडीने येणारे. पुरुषांची लीग म्हणजे दुसराच संघ झाला असता.

तिसरी सूचना शॉर्टस्टॉपची, म्हणजे त्या जागेवर खेळणाऱ्या आमच्या गड्याची. सर्वोत्तम दहा जण खेळवा, पण आधी स्पष्ट सांगा. ज्याला बसायचं आहे त्याला माहीत तरी असेल. ऐकायला कठोर, पण चाललेल्या प्रकारापेक्षा ती सरळ होती, कारण चाललेला प्रकारही तोच होता, फक्त बोलून दाखवलेला नव्हता.

चौथी सूचना मास्तरांची. मास्तर म्हणजे शेजारचे निवृत्त पी.टी. शिक्षक, सत्तरी ओलांडलेले, खेळत नाहीत, तिसऱ्या बेसपाशी उभं राहून पळणाऱ्यांना हातवारे करतात. त्यांनी वाद ऐकून घेतला आणि एकच काम सांगितलं: प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन जागा लिहायच्या ज्या आवडतील आणि एक जी नको. चिठ्ठ्या ते स्वतः वाचणार, कॅप्टन नाही.

काय केलं

चिठ्ठ्यांनी बरेच समज मोडले. ताईने लिहिलं होतं ‘१’ आणि पुढे कंसात ‘कॉलेजात हेच’. नर्सने लिहिलं ‘६’. काकूंनी मात्र ‘२’ लिहिलं, तेही ठळक. ‘कॅचरला उभं राहिलं की सगळ्यांशी बोलता येतं, अंपायरशी पण,’ असं त्यांचं म्हणणं. म्हणजे बायकांना कॅचर करणं हाच अपमान, असा जो नवा निष्कर्ष काही जण काढत होते तोही पडला. आणि पुरुषांपैकी दोघांनी ‘नको’च्या रकान्यात पिचर लिहिलं होतं, त्यातला एक आमचा तेव्हाचा पिचर होता. तो बिचारा कुणी घेत नाही म्हणून दोन महिने पिचिंग करत होता.

मास्तरांनी सात रकान्यांचा तक्ता केला, इनिंगगणिक एक. नियम दोनच. कुणी लागोपाठ दोनपेक्षा जास्त इनिंग बसणार नाही, आणि प्रत्येकाला दोन इनिंग तरी आत, म्हणजे आऊटफील्ड सोडून, मिळतील. बॅटिंगला हजर असलेले सगळे. तक्ता आदल्या रात्री ग्रुपवर टाकायचा. तिसरा नियम नर्सने जोडला: ज्याने आधी ‘माझा’ म्हटलं त्याचा चेंडू, दुसऱ्याने मागे थांबायचं. हे कुठल्याही संघात पहिल्या दिवशी शिकवतात. आमच्याकडे ते जुलैत आलं.

ताईच्या पिचिंगला तीन-चार सराव लागले. फास्टपिचमध्ये बायकांसाठी अंतर ४३ फूट, हात पूर्ण गोल फिरवून चेंडू सपाट सोडायचा. इथे ५० फूट आणि सावकाश कमान. तिचे सुरुवातीचे चेंडू अंपायरने सपाट म्हणून बाद केले. मग तिने हात फिरवणं सोडलं, पाऊल लहान केलं, आणि चेंडू होम प्लेटच्या (बॅटरपुढच्या पाटीच्या) मागच्या टोकावरून खाली उतरवायला लागली. तिथून गुडघ्याच्या वरून उतरलेला चेंडू स्ट्राइक असतो आणि मारायला अत्यंत नकोसा. हातात जोर असलेले पुरुष त्याखाली बॅट घालून उंच झेल द्यायचे. ताईपेक्षा जोरात टाकणारे संघात पाच जण होते. तिथे चेंडू टाकणारा दुसरा कुणी नव्हता.

शॉर्टस्टॉपचं काय करायचं हा खरा अवघड निर्णय होता. तो संघातला सगळ्यात चांगला फील्डर. त्याची जागा चार इनिंग नर्सला द्यायची तर त्याने काय करावं? त्याला लेफ्ट-सेंटरला पाठवलं. उजव्या हाताचे बॅटर ओढून मारतात, त्यामुळे तिकडे चेंडू खूप जातात. दोन सामने तो कुणाशी फारसा बोलला नाही. मग एका संध्याकाळी त्याने कुंपणाजवळ उलटं धावत एक झेल घेतला आणि पुढच्या चिठ्ठीत ‘आवडती जागा’ म्हणून आठ लिहिलं.

निकाल लगेच सुधारले म्हणावं तर तसंही नाही. तक्त्याचा पहिला सामना आम्ही इतक्या फरकाने हरलो की पाचव्या इनिंगनंतर नियमानुसार थांबवला. ज्याला जी जागा आवडते तिथे तो चांगला खेळतोच असं नाही, हेही त्या दिवशी दिसलं. पण बायकांची संख्या पुढच्या दोन सामन्यांत पाच झाली, मग सहा. जुलै संपेपर्यंत पुन्हा आपोआप आऊट झाला नाही. सातवी मात्र परतली नाही.

एका सामन्याच्या वेळी वीज चमकली. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदानात यायचं नाही असा नियम. सगळे पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या उघड्या डिक्क्यांखाली. दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं झाली की पुन्हा गडगडायचं आणि मोजणी पहिल्यापासून. अखेरीस सामना रद्द झाला तरी कुणी घरी गेलं नाही. ताईने जळगावातल्या मैदानांवरचे उन्हातले सामने सांगितले, मास्तरांनी आपल्या शाळेचे. या वेळी कोंडाळं एकच होतं.

प्लेऑफ

तक्त्यात एक गोष्ट लिहिली नव्हती: प्लेऑफमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेरीत, काय? आमच्या गटात जवळजवळ सगळेच प्लेऑफला जातात, त्यामुळे आम्हीही गेलो. पहिल्या सामन्यात पाचव्या इनिंगनंतर बरोबरी होती. कॅप्टनने तक्ता बाजूला ठेवला. काकांना, म्हणजे काकूंच्या नवऱ्याला, पहिल्या बेसवरून काढलं आणि पंचविशीतला एक चपळ पोरगा तिथे उभा केला. काकांचं वय अठ्ठावन्न, झुकून चेंडू घ्यायला त्यांना वेळ लागतो, हे सगळ्यांना दिसत होतं. सातव्या इनिंगला त्याच पोराने जमिनीलगतचा एक वाकडा थ्रो बेसवर पाय ठेवून ओढून घेतला. काकांना तो मिळाला नसता. आम्ही एका रनने जिंकलो.

कॅप्टनचा निर्णय चूक होता का? क्रिकेट असतं तर कुणी प्रश्नही केला नसता. त्या इनिंगचा विचार केला तर तो बरोबरच होता. तक्ता मोडायला त्याने कुणाला विचारलं नाही, पण प्लेऑफला तक्ता लागू आहे असंही कुणी म्हटलं नव्हतं. काकांनी सगळ्यांशी हात मिळवले, कूलर उचलून गाडीत ठेवला.

पुढच्या सामन्याला काकू आल्या नाहीत. घरी पाहुणे होते असं कळवलं, आणि पाहुणे खरंच होते. काका स्वतः आले आणि खेळले. कारण तेवढंच होतं की आणखी काही, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. एक बाई गावाला गेली होती. म्हणजे चार बायका, आणि यादीत पाचवी जागा रिकामी.

सातवी इनिंग, दोन आऊट, आम्ही एका रनने मागे, दुसऱ्या बेसवर आमचा माणूस, बॅटवर शॉर्टस्टॉप. त्या दिवशी त्याचे तीन जोरदार हिट झाले होते. समोरच्या संघाच्या कॅप्टनने आमच्या डगआऊटकडे पाहिलं, बोटांनी काहीतरी मोजलं आणि अंपायरपाशी गेली. कोएडमध्ये पुरुषाला वॉक दिला, म्हणजे मारायला न देता बेस बहाल केला, तर तो थेट दुसऱ्या बेसवर जातो, कारण नाहीतर प्रत्येक संघ पुरुषांना सोडून पुढच्या बाईला गोलंदाजी करेल. पण पुढची बाईच नसेल तर? तिने वॉक जाहीर केला. स्लोपिचमध्ये त्यासाठी चार चेंडूही टाकावे लागत नाहीत. शॉर्टस्टॉप बॅट ठेवून दुसऱ्या बेसकडे चालत गेला, तिथला गडी तिसऱ्यावर सरकला. पुढची पाळी रिकाम्या जागेची. अंपायरने हात वर केला, सामना संपला. आमच्या निम्म्या लोकांना काय झालं हे मास्तरांनी समजावून सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

निष्पत्ती

या वर्षी अठरापैकी चौदा परत आले. पुरुषांच्या लीगचं म्हणणारे तिघे तिकडे गेले; त्यांच्याशी संबंध छान आहेत, त्यांचे सामने बघायला आमचे लोक जातात. काका-काकू दोघं आहेत. ताईने तिच्या ओळखीच्या दोघी आणल्या, त्यातली एक अमरावतीची, शाळेत खेळलेली. कॅप्टन तोच आहे, पण तक्ता आता तो करत नाही, नर्स करते. प्लेऑफचा नियम एप्रिलमध्येच ठरला: पाचव्या इनिंगपर्यंत तक्ता, त्यानंतर कॅप्टनची मर्जी. मतदान घेतलं तेव्हा त्याच्या बाजूने सगळ्यात आधी काकांनी हात वर केला. हा नियम अजून कसोटीला लागलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चिठ्ठ्या जूनऐवजी एप्रिलमध्ये फिरवायला हव्या होत्या, हे उघड आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेपासूनच दर दोन आठवड्यांनी स्कोअरबुकातले जागांचे आकडे मोठ्याने वाचायला हवे होते. दोन, नऊ, दहा हे ऐकल्यावर कॅप्टनला वेगळं काही सांगावं लागलं नसतं. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला ते दिसत नव्हतं.

चार बायकांवर खेळायचं ठरलं त्या शेवटच्या सामन्यात बॅटिंगची यादी तरी विचार करून लावता आली असती. रिकाम्या जागेच्या आधी येणारा पुरुष सगळ्यात कच्चा बॅटर ठेवायचा, म्हणजे त्याला वॉक देण्याचा फायदा कमी होतो. याद्यांची लांबी वेगळी असल्याने जोडी दर फेरीत सरकते, त्यामुळे हे पूर्ण साधत नाही, पण शेवटच्या दोन इनिंगचा अंदाज बांधता येतो. समोरच्या कॅप्टनने तो बांधलाच होता.

आणि जी परत आली नाही तिला कुणीतरी फोन करायला हवा होता. ग्रुपवर ‘वी मिस यू’ लिहिणारे आठ जण होते, फोन ऑक्टोबरात नर्सने केला. तोवर ती दुसऱ्या गावातल्या व्हॉलीबॉलच्या संघात गेली होती. तिथे जागा फिरत्या असतात, नियमानेच. हे तिने सांगितलं आणि नर्सने तसंच आम्हाला कळवलं. झेलाबद्दल ती काही बोलली नाही. तो सेंटर फील्डर मात्र या वर्षी राइट फील्डला खेळतो, स्वतः मागून घेतलेल्या जागेवर, आणि चेंडू फार येत नाहीत अशी तक्रार करतो.